डुलक्याची जाग

४ जून

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. 'शितकपाट' नव्हे, 'शीतकपाट'. 'मेंदूविषयी' मात्र बरोबर लिहिलंस. मनाला लावून घेऊ नकोस. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, निवृत्त होऊनही अकरा वर्षं झाली, तरी हातातलं लाल पेन सुटत नाही. फोन का करत नाही असं विचारतेस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. मागच्या खेपेला तू 'घर ठरलं' म्हणालीस आणि मी तुझं लग्न ठरल्याचं चार घरी सांगून आले. ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. तेव्हा पत्रच बरं.

आता कामाचं. मला झोप येत नाही. म्हणजे येते, पण टिकत नाही. दहाला पडते, साडेबाराला जाग, पुन्हा दोनला जाग, आणि तीनला जे डोळे उघडतात ते मिटायचं नाव घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एवढंच सांगायला त्यांना इतकी वर्षं शिकावं लागलं याचं नवल वाटलं.

आणि पलीकडच्या खोलीत तुझा काका. आमचं शेंडेफळ, आता एकोणसाठ वर्षांचं. वाचनालयात परत आलेली पुस्तकं फळीवर लावतो, पाचला घरी येतो आणि बूटही न काढता खुर्चीत झोपतो. जेवताना घास हातात धरून पेंगतो. तुम्ही पोरं त्याला काका म्हणता, पण घरात तो मिसरूड फुटल्यापासून डुलक्याच. वाचनालयाच्या आधी त्याच्या पाच नोकऱ्या गेल्या, पाचही झोपेपायी. खातो माझ्या निम्मं, आणि दरवर्षी त्याचे सदरे उसवून मोठे करते मी.

मला झोप नाही, त्याला जाग नाही. एका आईची दोन पोरं. तू दिवसभर उंदरांच्या मेंदूत डोकं घालून बसतेस, तर हे असं का होतं ते मला सांग. वेळ घालवायला विचारत नाही. तीनपासून सहापर्यंत छताकडे बघत मी याच गोष्टीचा विचार करत असते.

तुझी आत्या


१९ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'हा प्रश्न विचारायला आम्हाला तीस वर्षं लागली.' तेव्हा कॉलर ताठ कर.

आधी सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ त्या बाई. मी उंदरांचं खाणंपिणं, वजन आणि चाकावरच्या फेऱ्या बघते, आणि त्यांच्या मेंदूत बसवलेल्या बारीक तारेतून पडद्यावर येणाऱ्या रेघा नोंदवते. पण सहा वर्षं रेघा बघून थोडं कळायला लागलंय.

मेंदूच्या तळाशी, खूप आत, पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. आपल्या मेंदूत पेशी अब्जांनी मोजतात, त्यात या साठ-सत्तर हजार फक्त. पण यांच्यावाचून सगळ्यांचं अडतं. छापखान्यात यंत्रं खूप असतील, पण फोरमन एकच फिरत असतो ना, हे चालू ठेवा, ते बंद पडू देऊ नका, असं सांगत? तसं यांचं काम. त्या मेंदूला जागं करतात एवढंच नाही, जागं टिकवून धरतात. शिवाय भूक कधी लागावी, अंगातली चरबी किती जाळावी, उठून चालावंसं वाटावं की पडून राहावंसं वाटावं, यातही त्यांचा हात असतो. म्हणून जाग, वजन आणि हालचाल या तीन गोष्टी एकमेकींच्या पदराला बांधलेल्या आहेत.

आता तुझं उत्तर. आमच्याकडे दोन वर्षांचा उंदीर म्हणजे तुझ्या वयाचा. त्याच्या या पेशी काही मेलेल्या असतात, आणि ज्या उरतात त्या उतावीळ होतात. कारण नसताना पेटतात. उंदीर झोपलेला असतो आणि पडद्यावर एकदम रेघ उसळते, उंदीर जागा. तुझे साडेबारा, दोन आणि तीन हेच असावेत.

सध्या बाई म्हाताऱ्या उंदरांच्या या पेशी रोज ठरावीक वेळ हलकेच जाग्या करून बघताहेत. त्यांचं चालणंफिरणं वाढतं का, चरबी उतरते का, म्हातारपण थोडं लांबतं का. पहिले आकडे बरे आहेत, पण इतक्यात काही बोलायचं नाही अशी बाईंची ताकीद आहे.

काकाचं मात्र मला सांगता येत नाही. त्याला माझा नमस्कार सांग.

तुझी भिंगरी


२ जुलै

चि. भिंगरी हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं, चुका फक्त दोन. प्रगती आहे.

मला सगळं लख्ख कळलं. या पेशी जाग्या ठेवल्या तर माणूस चालता राहतो, सडसडीत राहतो आणि उशिरा म्हातारा होतो. डुलक्याने चाळीस वर्षं झोपून त्या गंजवल्या. चूक माझीही आहे, मी त्याला झोपू दिलं. पण अजून वेळ गेलेली नाही.

त्याची खुर्ची मी शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवून दिली. दुपारच्या जेवणानंतर डोळा मिटायचा नाही. सकाळी सहाला माझ्याबरोबर पुलापर्यंत जायचं आणि यायचं. पेंगायला लागला की मानेवर ओला रुमाल. वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या आहेत, कडक आहेत, त्यांनाही भेटून सांगितलं की हा बसला दिसला की उठवा, उभ्याने करायची कामं द्या. त्या म्हणाल्या, 'वरच्या फळ्या लावायच्या आहेतच.'

आज अकरावा दिवस. तो सगळं निमूट करतो. त्याने कधी वाद घातला नाही, मोठ्याने बोलला नाही. हसणं तर त्याच्या कुंडलीतच नाही. चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणाला तरी पोचवून आलाय. चालताना मध्येच त्याची पावलं वेडीवाकडी पडतात, पण ते सवय नसल्यामुळे. दोन किलो कमी झाले की तुझ्या बाईंना कळवीन. त्यांच्या उंदरांत माझा एक धर म्हणावं.

तुझी आत्या


१४ जुलै

प्रिय आत्या,

हे पत्र हातात पडलं की आधी खुर्ची परत आण. मग पुढचं वाच.

मी अर्धवट लिहिलं त्याचं हे फळ. पेशी जाग्या करणं आणि माणसाला झोपू न देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोपू न दिलेला उंदीर तरुण होत नाही. तो खंगतो.

पण लिहायचं कारण दुसरंच आहे. आमच्या शेजारच्या खोलीत काही उंदीर आहेत, ज्यांच्यात जागं ठेवणाऱ्या या पेशी नाहीतच. तिथली मुलगी रजेवर गेली म्हणून आठवडाभर ते माझ्याकडे आले. त्यांना नावं नसतात, आकडे असतात. एक्केचाळीस नंबरला मी बिस्किटाचा तुकडा दाखवला. तो आनंदाने धावत आला आणि अर्ध्या वाटेत कुशीवर कोसळला. मला वाटलं मेला. वाकून बघितलं तर डोळे उघडे, श्वास चालू. अर्ध्या मिनिटाने उठला आणि काहीच झालं नाही असा बिस्किट खायला लागला. बाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, ही झोप नाही, याला आनंद झाला म्हणून हा पडला. स्वप्न बघताना आपलं अंग सैल पडलेलं असतं ना, तसं यांचं जागेपणी पडतं, आणि ते बहुतेक हर्षाच्या भरात. त्या पेशी असत्या तर त्यांनी अंग सावरून धरलं असतं. हे उंदीर कमी खातात तरी जाड होतात, हेही त्यांनीच सांगितलं.

आत्या, मी वही खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. मी हे आधी बघितलं होतं.

मी सहा वर्षांची असताना काकाने मला बागेत नेलं होतं, आठवतं? मी त्याला आमच्या शाळेच्या शिपायाची नक्कल करून दाखवली. तो हसला, त्याचे गुडघे दुमडले आणि तो गवतावर आडवा झाला. डोळे उघडे. मला वाटलं, मेल्याचा खेळ खेळतोय. मी पुन्हा नक्कल केली, त्याचा ओठ हलला, पण तो उठला नाही. मला मज्जा वाटली आणि त्याला सोडून मी घसरगुंडीकडे पळाले, तिथून फाटकाबाहेर. गुडघा फोडून घेतला. घरी आल्यावर सगळे त्याला बोलले, पोर रस्त्यावर आणि हा बागेत झोपला होता म्हणून. मीही म्हणाले, 'हो, झोपला होता.' त्यानंतर कुणी पोरांना त्याच्याबरोबर पाठवलं नाही.

तो झोपला नव्हता.

मला तीन गोष्टी सांग. हसल्यावर त्याचे गुडघे जातात का? झोप लागता लागता त्याला खोलीत नसलेली माणसं दिसतात का? आणि हे सगळं कितव्या वर्षापासून? याला नाव आहे, तपासणी आहे, औषधही आहे. मी जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा पत्ता सोबत पाठवते.

भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. घरात रंगकाम होतं.

खुर्ची आणली. फिरणं बंद केलं. तुझ्या काकाची तब्येत उत्तम आहे, सध्या रजेवर आहे, आराम करतो. उंदरांचे रोग माणसांना लावू नयेत असं मला वाटतं. आपल्या घराण्यात मेंदूचं काही नाही, कधी नव्हतं. लहान मुलांना बागेतलं काहीबाही आठवतं, त्यावर विसंबू नये.

मोठ्या रुग्णालयात जायची काही गरज नाही. तू तुझ्या कामात लक्ष दे.

आत्या


२४ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. तिथल्या कुणाला माझ्या नावाचं पत्र आलेलं आठवत नाही, त्यामुळे शिपायाने ते दोन दिवस 'वाचकांच्या तक्रारी'त ठेवलं, मग घरी आणून दिलं. हळूहळू लिहितो आहे. एका बैठकीत चार ओळी होतात, मग अक्षर कागदावरून खाली घसरतं. तू विचारलंस ते खरं सांगतो.

आधी हे, की रंगकाम नव्हतं. जुलैच्या वीस तारखेला मी वाचनालयात शिडीवरून पडलो. पाचव्या पायरीवर होतो. झोपेने पडलो असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे खाली उभे असलेले एक वाचक म्हणाले, 'वेळेचं नियोजन' हे पुस्तक मला चार महिने परत करायला वेळच झाला नाही. मला हसू आलं. मनगट मोडलं आहे, डावं. ताई रोज केस विंचरून देते, शर्टाची बटणं लावते, आणि माझ्याकडे बघत नाही.

हसल्यावर गुडघे जातात का? जातात. आधी जबडा सुटतो, मग मान, मग गुडघे. ऐकू सगळं येतं. अठराव्या वर्षी सुरू झालं. एका मित्राच्या लग्नात पंगतीत पडलो, तेव्हा पाहुणे म्हणाले, प्यायलाय. त्यानंतर मी हसणं सोडलं. कठीण नाही. हसू यायला लागलं की मनात तेराचा पाढा म्हणायचा. एकशे सतरापर्यंत गेलं की धोका टळतो. राग आला तरी तेच करतो, म्हणून वाद घालत नाही. लोकांना वाटतं, मी घुम्या आहे.

माणसं दिसतात का? दिसतात. एक बाई येते, पाठमोरी, कपाट आवरत असते. आता तिची भीती वाटत नाही.

बावीस वर्षांचा असताना मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी सगळं लिहून घेतलं, म्हणाले, मी मोठ्या रुग्णालयात लिहितो, ते तुला घरच्या पत्त्यावर तारीख कळवतील. महिनाभर वाट बघितली. काही आलं नाही. तुमच्यात काही बिघाड नाही, असंच ते सांगत असावेत, असं मी धरून चाललो. मग उरलं काय, तर आळस. त्याच्याशी सदतीस वर्षं भांडतो आहे. तुझ्या त्या एक्केचाळीस नंबरचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी चुकीच्या माणसाशी भांडत होतो.

बागेतलं तुला आठवतं, हे वाचून बरं वाटलं. ती नक्कल फार चांगली होती.

ग्रंथपाल बाई म्हणतात, सप्टेंबरअखेर कागद आणा, नाहीतर जागा रिकामी करा. कागद कसला आणायचा ते सांग.

काका


३० सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,

आशीर्वाद. तू मला लिहिलेलं खरमरीत पत्र मिळालं. त्यात एकही चूक नव्हती.

आम्ही गेलो होतो. तुला काकाने निकाल कळवला असेलच, पण मलाही सांगू दे. डोक्याला, छातीला, पायांना तारा लावल्या. रात्रभर झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन पुन्हा झोपायला सांगितलं, पाच वेळा. पाचही वेळा हा तीन मिनिटांच्या आत झोपेत गेला. नंतर पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. त्या पेशी जे रसायन सोडतात ते त्यात जवळपास नाहीच. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी, आणि म्हणाल्या, 'यांच्या त्या पेशी सतरा-अठराव्या वर्षीच गेल्या असणार. यांनी इतकी वर्षं नोकरी कशी केली?' मी म्हटलं, सवयीने.

कागद मिळाला. ग्रंथपाल बाईंनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. नोकरी राहिली.

आता जे मी तुला किंवा कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते.

डुलक्या बाविसाव्या वर्षी ज्यांच्याकडे गेला होता, त्या डॉक्टरांच्या पत्राचं उत्तर आलं होतं. पाकिटावर रुग्णालयाचा शिक्का होता, मोठ्या अक्षरांत, मेंदूविकार विभाग. आमचे आईवडील तोवर गेले होते, घर माझ्या अंगावर होतं आणि मी चौतिसाची होते. त्याच महिन्यात तुझ्या बाबांचं लग्न ठरत होतं. मुलीकडचे दोनदा येऊन गेले होते, तिसऱ्यांदा यायचे होते. मी ते पाकीट फोडलं, वाचलं, आणि फाडून चुलीत घातलं. डुलक्याला फक्त आळस आहे अशी मी माझी समजूत घातली, कारण आळसाने कुणाचं लग्न मोडत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. मग तू झालीस, घरात आनंद होता, आणि हे मागे मागे पडत गेलं. माझी झोप म्हातारपणाने गेली असं तुम्ही म्हणता. असेल. त्या तीन तासांत मी काय बघते ते तुमच्या पडद्यावर दिसणार नाही.

रुग्णालयातून परत आल्यावर मी त्याला सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्यानेच. त्याने माठातून पाणी घेतलं आणि पेला भरलेलाच ठेवला. तू लिहिलास तो तेराचा पाढा म्हणत असावा. मग म्हणाला, 'ताई, तू ते वाचलं होतंस ना?'

'हो.'

'मग तारीख काय होती?'

मला आठवत होती. गुरुवार, सकाळी साडेअकरा, खोली क्रमांक नऊ. मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि खोलीत गेला. तेरा दिवस माझ्याशी बोलला नाही. चौदाव्या दिवशी चहा पिताना म्हणाला, 'इथून पुढे माझ्या नावाचं पाकीट मीच फोडणार.' मी बरं म्हटलं. तेवढंच झालं. मी रडले नाही. तो अधिकार मला आहे असं मला वाटलं नाही.

तुझ्या आईबाबांना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी यापुढे कुणाच्या वतीने काही ठरवणार नाही.

आत्या


११ डिसेंबर

प्रिय ताई,

पोचलो. मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एकोणसाठ वर्षं एकाच घरात राहिलो, लिहायची वेळच आली नाही. चुका असतील तर लाल पेनाने दुरुस्त कर आणि परत पाठव.

भिंगरीच्या खोलीत टेबलाला लागून खिडकी आहे, तिथे बसून लिहितो आहे. सकाळची आणि दुपारची गोळी वेळेवर घेतली. हसण्यावरची वेगळी आहे, तीही घेतली. अकराला वीस मिनिटं आणि तीनला वीस मिनिटं गजर लावून झोपलो. इथेही खुर्चीच आहे, पण वाचनालयात पुस्तकबांधणीच्या खोलीत ग्रंथपाल बाईंनी माझ्यासाठी घालून दिलेली खाट बरी.

काल प्रयोगशाळा बघितली. मला वाटलं होतं बाटल्याच बाटल्या असतील, तर नुसत्या फडताळांच्या रांगा आणि साबणाचा वास. एक्केचाळीस नंबर आता नाही, उंदराचं आयुष्य तेवढंच असतं म्हणे. पण त्याच्यासारखे दुसरे आहेत. भिंगरीने एकाला बिस्किट दाखवलं. तो पडला. मी त्याच्या डोळ्यांपुढे बोट हलवलं, म्हटलं, अरे, मी आहे, ऐकू येतंय मला माहीत आहे. मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या. त्या चष्मा पुसत राहिल्या.

मग म्हाताऱ्या उंदरांची खोली. एकीकडे ज्यांच्या पेशी रोज जाग्या करतात ते, दुसरीकडे ज्यांना काही केलं नाही ते. चाकावरच्या फेऱ्यांचा फरक मलाही दिसला. वजनाचाही. मी बाईंना विचारलं, मी आता जागा राहतो, तर माझी गेलेली वर्षं काही परत येतील का, निदान पुढची लांबतील का? त्या म्हणाल्या, तुमच्या पेशी औषधाने परत येत नाहीत, औषध फक्त त्यांच्या जागी काम करतं. आणि जागेपणाने आयुष्य किती लांबतं ते उंदरांतही अजून मोजतो आहोत. तुम्हाला खोटी आशा देणार नाही. मला ते आवडलं. मी त्यांना माझं रक्त, वजन, झोपेची वही, सगळं वापरायला दिलं आहे. दर तीन महिन्यांनी येईन. सांगून ठेवतो, म्हणजे डबा करायला बसू नकोस.

दुसरं एक. भिंगरीने मला सांगितलं की तिने तिच्या आईबाबांना त्या पत्राचं सांगितलं आहे. तिची आई म्हणाली, आम्हाला कळलं असतं तरी लग्न मोडलं नसतं. तुझा भाऊ म्हणाला, कोण जाणे. मी दोघांचंही ऐकून घेतलं. ताई, ते मी विसरलो असं लिहिणार नाही. तू चुलीत घातलेल्या त्या गुरुवारी मी खरंच कुठे होतो ते आठवायचा प्रयत्न करतो, आणि आठवत नाही. बहुधा झोपलो असेन. पण मनगट मोडलं तेव्हा तू सहा आठवडे माझ्या शर्टाची बटणं लावलीस, तेही माझ्याजवळ आहे. दोन्ही एकाच खिशात ठेवायची सवय मला करावी लागेल. तू रात्री जागी असलीस तर इथून पुढे माझं दार वाजव. मला पुन्हा झोपायला तीन मिनिटं लागतात, तू जाणतेस.

डॉक्टरीणबाईंनी मला एक प्रश्न दिला आहे. रोज चार तास जास्तीचे मिळाले, त्यात काय करता ते लिहून आणा. मी अजून काहीच लिहिलेलं नाही. बाकीची माणसं या वेळात काय करतात, ते मी कधी पाहिलेलं नाही. भिंगरीला विचारलं, तर ती म्हणते, तिलाही ठाऊक नाही.

प्रवासाचं लिहायचं राहिलं. मला समोरासमोरची जागा मिळाली. पुढ्यात एक मधमाश्या पाळणारे गृहस्थ होते, ते पोळ्यातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत होते. एका गोष्टीला मी हसलो. मान थोडी कलली, पण गुडघे बसलेलेच होते. त्यांना वाटलं, मी वाकून दाद देतो आहे, त्यांनी आणखी दोन सांगितल्या. ते उतरले. मग खिडकीबाहेर एक लांबलचक तळं आलं, त्याच्या काठाने गाडी बराच वेळ चालली. पाण्यात एक माणूस कमरेपर्यंत उभा राहून बोट ढकलत होता आणि बोट हलत नव्हती. मी मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. पुढे कारखाना, मग वाळत घातलेले कपडे, मग शाळा सुटलेली. असं करत करत भिंगरीचं स्टेशन आलं आणि गेलं. दोन स्टेशनं पुढे गेल्यावर ध्यानात आलं.

उतरून तिला फोन केला. ती दीड तास फलाटावर उभी होती. माझा आवाज ऐकून तिने श्वास सोडला आणि हळूच विचारलं, 'काका, झोप लागली का?'

'नाही गं,' मी म्हणालो. 'बघत बसलो होतो.'

तुझा धाकटा भाऊ